पहिली बरणी : घरगुती बिअर आणि मीडबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न घरच्या घरी बिअर किंवा मीड, म्हणजे मधाची वाइन, करून पाहू इच्छिणाऱ्यांचे आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. स्वतःपुरतं मद्य करण्याचा कायदा जागोजागी वेगळा आहे. कुठे मोकळीक आहे, कुठे प्रमाणाची मर्यादा, कुठे परवाना लागतो, तर कुठे सरसकट बंदी आहे. सामान घेण्याआधी आपल्या ठिकाणचा नियम बघून घ्या. विक्रीचा विचार तर परवान्याशिवाय करूच नका.

प्रश्न : बिअर आणि मीड दोन्ही करायचं आहे. सुरुवात कशाने करावी आणि सामान काय काय लागेल?

आधी मीड लावा आणि ते मुरत असताना बिअरकडे वळा. मीडला पहिल्या दिवशी तासभर पुरतो, काही उकळावं लागत नाही आणि चुकायच्या जागा कमी असतात. मात्र ते पिण्याजोगं व्हायला तीन-चार महिने तरी जातात. बिअरचं उलट आहे. पहिल्या दिवशी चार-पाच तास मोडतात, पण महिनाभरात बाटली उघडता येते.

मीडसाठी ५ लिटरची काचेची बरणी घ्या, बिअरसाठी १५ लिटरचा खाद्यपदार्थांसाठी चालणारा प्लास्टिकचा डबा. दोन्हींच्या झाकणाला एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी पाणी भरलेली छोटी नळी, बसला पाहिजे. याखेरीज सायफन आणि दीड मीटर नळी, थर्मामीटर, ०.१ ग्रॅमपर्यंत तोलणारा छोटा काटा, न धुता चालणारा सॅनिटायझर आणि हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता दाखवणारी तरंगती काचेची नळी. बरेच जण हायड्रोमीटर ‘नंतर बघू’ म्हणून टाळतात आणि पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच उभे राहतात. साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो. साखर विरघळली की आकडा चढतो, ती आंबत गेली की उतरतो. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१.२५ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी साधारण कळते. आकडा वाचताना हायड्रोमीटर बोटांनी हलकेच गरकन फिरवा. दांडीला चिकटलेले वायूचे बुडबुडे त्याला वर उचलून धरतात आणि आकडा दोन-तीन पॉइंटांनी फसवतो (एक पॉइंट म्हणजे ०.००१). पाण्याची कड काचेला जिथे वर चढलेली दिसते तिथला नव्हे, मधल्या सपाट भागाचा आकडा धरा. मोजून झालेला नमुना परत बरणीत ओतू नका, चाखून बघा.

स्वच्छता हे एक काम नसून दोन आहेत. आधी मळ, चिकटा, वास घालवायचा. त्यासाठी सोडियम परकार्बोनेटचं कोमट पाणी उत्तम. मग जंतू मारायचे. स्टार सॅनसारखं आम्लयुक्त द्रावण लिटरला साधारण दीड मिली या प्रमाणात करून एक-दोन मिनिटं ओलं राहू दिलं की झालं. फेस राहिला तरी निथळून तसंच वापरा. मळलेल्या भांड्यावर सॅनिटायझर ओतून उपयोग नसतो, मळाखालचे जंतू सुरक्षित राहतात. क्लोरीनवालं ब्लीच शक्यतो टाळा, आणि ते आम्लाच्या द्रावणात तर कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

प्रश्न : मीडची अगदी पहिल्यांदा करायची, मोजमापासह कृती द्याल का? मध उकळायचा की नाही?

उकळू नका. मधात जंतू सहसा वाढत नाहीत, आणि उकळल्यावर त्याचा सुगंधच आधी उडून जातो. दाणे धरले असतील तर बरणी ४० अंशांच्या पाण्यात ठेवून पातळ करा.

१ किलो मध घ्या आणि सगळं मिळून ४ लिटर होईल इतकं पाणी घाला. पाणी सव्वातीन लिटरच्या आसपास लागतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते रात्रभर उघडं ठेवलं की निघून जातं, काही ठिकाणी वापरतात ते क्लोरामाइन मात्र जात नाही. त्यासाठी चाकूच्या टोकावर मावेल इतकं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पाण्यात ढवळा. मध पूर्ण विरघळल्यावर झाकण लावून बरणी चांगली पाच मिनिटं हलवा. यीस्टला वाढायला सुरुवातीला प्राणवायू हवा असतो. पुढे तोच प्राणवायू मीड बिघडवतो, म्हणून काय खळखळवायचं ते आजच. आता हायड्रोमीटर १.०७३ च्या आसपास यायला हवा. बराच कमी आला तर मध तळाशी बसलेला आहे असं समजा आणि पुन्हा हलवा.

यीस्ट वाइनचंच घ्या. लाल्विन या ब्रँडचं ७१बी नवख्यांसाठी चांगलं, ते १५ ते ३० अंशांत काम करतं. डी-४७ चवीला छान, पण २० अंशांच्या वर गेलं की घशाला झोंबणारी जड अल्कोहोलं तयार करतं. ५ ग्रॅमची पुडी ३५ ते ४० अंशांच्या ५० मिली पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा. मग त्यात बरणीतलं थोडं थोडं मधपाणी घालत तापमान जवळ आणा. दोन्हींत १० अंशांहून जास्त फरक असताना ओतलं तर यीस्टला धक्का बसतो. बरणीत वरची एक लिटर जागा फेसासाठी मोकळी राहू द्या.

यापुढचा भाग बहुतेक जुन्या कृतींत नसतो आणि ‘मीडला वर्षभर मुरवावंच लागतं’ हा समज त्यातूनच पसरला आहे. मधात साखर भरपूर, पण नायट्रोजन जवळजवळ नाही. उपाशी यीस्ट कसंबसं काम उरकतं आणि मागे गंधकाचे, रंगाच्या डब्यासारखे वास ठेवून जातं. म्हणून पोषक द्यायचं. फर्मेड-ओ हे यीस्टचं तयार पोषक असेल तर वरच्या प्रमाणाला एकूण ३ ग्रॅम, ०.८ ग्रॅमपेक्षा थोड्या कमी अशा चार हप्त्यांत. पहिले तीन हप्ते २४, ४८ आणि ७२ तासांनी. चौथा एक तृतीयांश साखर संपल्यावर, म्हणजे आकडा १.०४९ च्या आसपास आल्यावर, किंवा सातव्या दिवशी, जे आधी होईल ते. पूड थेट टाकलीत तर विरघळलेला वायू एकदम सुटून मीड छतापर्यंत उडतं. आधी बरणी हलकेच घुमवून वायू जाऊ द्या, आणि पूड चमचाभर पाण्यात कालवून घाला.

१८ ते २२ अंशांत दोन ते चार आठवड्यांत आकडा १.००० किंवा त्याखाली येतो. अल्कोहोल साडेनऊ-दहा टक्क्यांच्या घरात. मग गाळ न हलवता सायफनने लहान बरणीत काढा आणि ती गळ्यापर्यंत भरा. दोन महिन्यांत नितळ झालं की बाटल्या भरा.

प्रश्न : मीडला सडक्या अंड्यासारखा वास येतोय. ओतून द्यावं का?

नाही. तो हायड्रोजन सल्फाइड आहे, नायट्रोजन कमी पडल्याची खूण. साखर अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक असेल तर पोषकाचा एक हप्ता द्या आणि दिवसातून दोनदा सावकाश ढवळून वायू काढा. दोन-तीन दिवसांत बहुधा वास जातो. आंबणं संपत आल्यावर पोषक देऊ नका. अल्कोहोल ९ टक्क्यांच्या पुढे गेलं की डायअमोनियम फॉस्फेट हे दुसरं नेहमीचं पोषक यीस्टला घेता येत नाही, ते नुसतं चवीत उरतं आणि नको त्या जंतूंच्या कामी येतं.

आकडा मध्येच, समजा १.०३० वर, अडकला असेल तर क्रमाने तपासा. खोली गार पडली आहे का? पीएच ३.२ च्या खाली गेला आहे का? मधात आम्लता सावरून धरणारे क्षार कमी, त्यामुळे पीएच झपाट्याने घसरतो. ४ लिटरला १ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट घालून पुन्हा मोजा. नवं यीस्ट घालायची वेळ आली तर ते कोरडं भुरभुरू नका, अल्कोहोलमध्ये ते लगेच मरतं. ईसी-१११८ हे तगडं वाइन यीस्ट भिजवून, त्यात दर काही तासांनी तेवढंच अडकलेलं मीड मिसळत त्याला सवय लावा आणि फेस धरल्यावरच बरणीत ओता.

प्रश्न : पहिल्या बिअरसाठी तयार डब्यातलं किट घ्यावं का? त्यासोबत किलोभर साखर घालायला सांगतात.

किट चालेल, किलोभर साखर नको. साखरेने अल्कोहोल वाढतं, अंग नाही. बिअर पाणचट लागते. साखरेऐवजी तेवढंच माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा आटवलेला अर्क, घाला. त्याहून बरं म्हणजे साधं एक्स्ट्रॅक्ट आणि वेगळे हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वाळवलेली फुलं, घेऊन स्वतः उकळा.

१० लिटरसाठी फिकट माल्ट एक्स्ट्रॅक्टची पूड १.२ किलो, सुमारे ६.५ टक्के अल्फा आम्ल (कडवटपणा देणारा घटक, पाकिटावर लिहिलेला असतो) असलेले हॉप्स ३० ग्रॅम, आणि यूएस-०५ सारखं कोरडं एल यीस्ट (एल म्हणजे साधारण खोलीच्या तापमानाला आंबणारी बिअर) एक पुडी. किमान १५-१६ लिटरचं पातेलं हवं. साडेबारा लिटर पाणी तापवा. पूड घालण्यापूर्वी आच बंद करा, नाहीतर ती तळाला बसून करपते आणि तो वास शेवटपर्यंत जात नाही. गुठळ्या मोडल्या की पुन्हा आच लावा. उकळी फुटल्यावरची पहिली आठ-दहा मिनिटं पातेल्यासमोरून हलू नका, वॉर्ट, म्हणजे अजून न आंबलेलं माल्टचं पाणी, उतू जायची वेळ हीच. फेस बसल्यावर १५ ग्रॅम हॉप्स टाका आणि तासभर झाकण न ठेवता उकळा. कडवटपणा या हॉप्सचा. उरलेले १५ ग्रॅम शेवटच्या पाच मिनिटांत, ते वासासाठी.

आच बंद केल्यापासून पुढे बिअरला जे जे लागणार ते सगळं सॅनिटाइझ केलेलं हवं. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून अर्ध्या-पाऊण तासात २० अंशांपर्यंत आणा. डब्यात ओतताना उंचावरून, भरपूर खळखळ करत ओता. आकडा १.०४४ च्या जवळ हवा. उकळीत पाणी कमी-जास्त उडतं, तेव्हा आकडा जास्त आला तर उकळून गार केलेलं पाणी घालून १० लिटर करा. यीस्ट वरून भुरभुरा आणि डबा १८ ते २० अंशांत ठेवा. दहाव्या दिवशी मोजा, मग तीन दिवसांनी पुन्हा. दोन्ही वेळा तोच आकडा, १.०१० ते १.०१३ मधला, आला तर बाटल्या भरायच्या. अल्कोहोल सव्वाचार टक्क्यांच्या आसपास.

प्रश्न : दोन दिवस झाले, एअरलॉकमध्ये एकही बुडबुडा नाही. यीस्ट मेलं का?

झाकण नीट बसलेलं नसेल. डब्याच्या कडेतून वायू निसटला की एअरलॉक गप्पच राहतो. वरून फेसाचा थर किंवा भिंतीवर तपकिरी वलय दिसतंय का बघा. ७२ तासांनंतरही आकडा जराही हलला नाही, तरच नवी पुडी घाला. आणि उलटही खरं : आंबणं संपल्यावरही हवा तापली की बुडबुडे येत राहतात. एअरलॉक हे घड्याळ नव्हे.

प्रश्न : आमच्या घरात वर्षातला बराच काळ तापमान ३० अंशांच्या वर असतं. वेगळा फ्रीज न घेता बिअर जमेल का?

जमेल, पण यीस्ट त्या तापमानाचं निवडा. साधं एल यीस्ट ३० अंशांत कामाला लावलं तर बिअर झोंबते आणि डोकं धरतं. शिवाय आंबताना स्वतःची उष्णता निघते, त्यामुळे डब्यातलं तापमान खोलीपेक्षा दोन ते पाच अंश जास्त असतं. खोलीच्या भिंतीवरचा थर्मामीटर बघून समाधान मानू नका. डब्यालाच बाहेरून पट्टी चिकटवा.

नॉर्वेच्या पश्चिम भागातल्या शेतघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेली क्वेइक जातीची यीस्टं यासाठीच पाहावीत. त्यातलं व्हॉस ३५ ते ४० अंशांत उत्तम चालतं, संत्र्याच्या सालीसारखा वास देतं आणि चार-पाच दिवसांत काम संपवतं. साधंच यीस्ट वापरायचं असेल तर डबा रुंद घमेल्यात पाण्यात ठेवा, भोवती ओलं सुती कापड गुंडाळून त्याचं टोक पाण्यात सोडा आणि समोर पंखा लावा. वर सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या बदला. हवा दमट असेल तर कापडाचा फारसा उपयोग होत नाही, बर्फावरच भिस्त ठेवा. ही कसरत पहिले तीन-चार दिवस काटेकोर करा, चवीचं बरं-वाईट याच दिवसांत ठरतं. लागर, म्हणजे गारव्यात आंबवायची बिअर, मात्र फ्रीजशिवाय नको.

प्रश्न : कपाटात ठेवलेल्या बिअरच्या दोन बाटल्या फुटल्या. बाकीच्यांचं काय करू?

आधी त्यांना हात लावताना जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. बाटल्यांवर जाड टॉवेल टाकून त्या शक्य तितक्या थंड करा. गारव्याने दाब उतरतो आणि यीस्टही मंदावतं. मग एकेक झाकण टॉवेलखाली किंचित सैल करून वायू सोडा. फारच जोरात फसफसत असतील तर ओतून द्या, मोह नको.

कारण शोधायचं तर हिशेब असा. २० अंशांच्या बिअरमध्ये स्वतःचा थोडा वायू असतोच. त्यात लिटरला ६ ग्रॅम साधी साखर घातली की वायू बिअरच्या आकारमानाच्या साधारण २.४ पट होतो. हे नेहमीच्या बिअरइतकं. पण बिअर १.०१२ वर थांबणार असताना १.०१६ वरच भरली गेली, तर त्या चार पॉइंटांतून आणखी दोन पट वायू तयार होतो. साध्या बिअरच्या बाटलीला हा भार झेपत नाही. दोन वेळा मोजून खात्री करायची ती एवढ्यासाठीच.

दुसरं कारण म्हणजे साखर सारखी न मिसळणं. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर घालू नका. १० लिटरला ६० ग्रॅम साखर १५० मिली पाण्यात पाच मिनिटं उकळून गार करा, रिकाम्या स्वच्छ डब्यात ओता आणि त्यावर बिअर सायफनने, नळीचं टोक बुडवून, घुमवत सोडा. गाळ सोडून ९ लिटरच उरली असेल तर साखर ५४ ग्रॅम. बाटलीत वर तीनेक सेंटिमीटर जागा ठेवा. वाइनच्या पातळ बाटल्या आणि शोभेच्या चौकोनी बाटल्या यासाठी नसतात.

तिसरी शक्यता रानटी यीस्ट शिरल्याची. फुटलेल्या साठ्यातली बिअर कोरडी, पातळ आणि औषधी वासाची लागली तर नळी आणि डब्याचा नळ बदला, त्यांच्या आतल्या चरा घासून निघत नाहीत. सेझों या बेल्जियन पद्धतीच्या बिअरसाठीची काही यीस्टंही इतर यीस्ट सोडून देतं ती साखर हळूहळू खात राहतात. ती वापरलीत तर आठवडाभर जास्त थांबा.

दर खेपेला एक बाटली मऊ प्लास्टिकची भरा. ती दाबून बघितली की आतला दाब कळतो. दगडासारखी कडक झाली की सगळ्या बाटल्या थंडीत हलवा.

प्रश्न : घरच्या दारूत मिथेनॉल होऊन डोळे जातात म्हणे. हे खरं आहे का?

बिअर किंवा मीड नुसतं आंबवून नाही. मिथेनॉल मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून तयार होतं. माल्ट आणि मधात ते नगण्य, आणि फळं घातलेल्या मीडमध्येही ते वाइनइतकंच अल्प राहतं. ज्या विषबाधांच्या बातम्या येतात त्यांत बहुधा औद्योगिक मिथेनॉल मिसळलेलं असतं. ऊर्ध्वपातन करून दारू गाळणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. तिच्यात आगीचा आणि विषाचा धोका खरा आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती बेकायदा आहे. त्या वाटेची कृती या सदरात मिळणार नाही.

प्रश्न : मला गोड मीड आवडतं, पण माझं दर वेळी ठणठणीत कोरडं होतं. मध वाढवू का?

वाढवलात तर यीस्ट जास्त अल्कोहोल करेल, गोडी राहीलच असं नाही. पूर्ण आंबू द्या, नितळ होऊ द्या, गाळावरून काढा. मग ४ लिटरला ०.४ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट आणि १ ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट घाला, दोन दिवस थांबा आणि चाखत चाखत मध घाला. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, फक्त वाढू देत नाही. म्हणून जोरात आंबणाऱ्या बरणीत ते टाकून काही साधत नाही. सल्फाइटशिवाय एकटं सॉर्बेटही नको. लॅक्टिक जिवाणू त्याचं रूपांतर चुरगळलेल्या जिरेनियमच्या पानासारख्या वासात करतात आणि त्यावर उपाय नाही. अशा गोडावलेल्या मीडला बाटलीत फसफसतं करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : बिअरला कधी औषधासारखा, कधी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. दोन्हींचं कारण एकच का?

वेगवेगळी. औषधी वास बहुधा पाण्यातल्या क्लोरीनचा किंवा ब्लीचचा, नाहीतर रानटी यीस्टचा. ओला पुठ्ठा म्हणजे आंबल्यानंतर हवा लागली, बाटल्या भरताना खळखळ झाली. याशिवाय लोण्याचा वास आला तर यीस्टवरून फार लवकर काढली, आणखी तीन-चार दिवस द्यायला हवे होते. हिरव्या सफरचंदाचंही तेच. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतल्या बिअरला उन्हात काही मिनिटांतच उग्र दुर्गंध येतो. प्रकाशाने हॉप्समधले घटक तुटून गंधकाचं संयुग होतं. तपकिरी बाटली आणि अंधार, एवढाच इलाज.

प्रश्न : डब्याच्या तळाचं यीस्ट पुढच्या बिअरला वापरता येतं का?

येतं. बाटल्या भरल्या त्याच दिवशी तळाचा दाट साय-रंगाचा भाग उकळून निवलेल्या बरणीत काढा. १० लिटरला १०० ते १५० मिली पुरे. फ्रीजमध्ये दोन आठवड्यांच्या आत वापरा. फार कडक किंवा फार हॉप्स घातलेल्या बिअरचं आणि जिच्या चवीबद्दल शंका आहे तिचं घेऊ नका. मीडच्या गाळाच्या भानगडीत पडू नका, ते यीस्ट थकलेलं असतं आणि नवी पुडी स्वस्त पडते. बरणीचं झाकण नुसतं टेकवून ठेवा. घट्ट केलंत तर फ्रीजमध्येही आत वायू साठत राहतो.